सरावापुरती मयत

आमच्या रहिवासी संघाचा प्रत्येक उपक्रम उद्घाटनापर्यंत उत्तम होतो. शांतता सप्ताह सुरू झाल्याचं सेक्रेटरींनी भल्या सकाळी लाउडस्पीकरवरून सांगितलं आणि झोपमोड झालेल्या तीन गल्ल्यांनी तो सप्ताह त्यांच्या दारात भांडून साजरा केला. सायकल फेरीत सेक्रेटरी सगळ्यात पुढे होते. त्यांनी वळण चुकवलं आणि अख्खी फेरी घाऊक बाजारात शिरली, ती बटाट्याच्या पोत्यांमधून बाहेर काढता काढता दुपार झाली. त्यामुळे संघ आता आगीचा सराव घेणार आहे हे कळल्यावर आईने आधी जाऊन गॅस बंद केला.

सराव आमच्या इमारतीत होणार होता, कारण संघाच्या हद्दीत तीच सगळ्यात उंच. चार मजले, एक जिना, लिफ्ट नाही. अग्निशामक दलाचा एक अधिकारी येऊन बघणार आणि पास की नापास ते सांगणार. आजूबाजूच्या संघांना सेक्रेटरींनी आधीच कळवून टाकलं होतं की आम्ही पास झालो की तुम्हालाही शिकवू.

सरावाला जखमी लागतात. किरकोळ भाजायला कुणीच तयार नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटाने दोन्ही पाय मोडून घेतले. त्याच्या बायकोने धुराने बेशुद्ध पडायचं ठरवलं, म्हणजे काही करावं लागत नाही. एक मृतही हवा, असं अधिकाऱ्याने सांगितलं होतं. ती जागा सेक्रेटरींनी स्वतःसाठी राखून ठेवली होती, स्ट्रेचरवरचा फोटो चांगला येतो म्हणून. मग कुणीतरी विचारलं की मेलेला माणूस समारोपाचं भाषण कसं करणार. सेक्रेटरींनी रात्रभर विचार केला आणि भाषण निवडलं.

मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि घरी बसून अर्ज करत होते. "तू रसायनवाली ना?" सेक्रेटरी म्हणाले. "मग रक्त तू कर."

रक्त करणं वाटतं तितकं सोपं नाही. बीटचा रस रंगाला छान, पण पाण्यासारखा पळतो. कॉर्नफ्लोअर शिजवून घातलं तर दाटपणा येतो, पण चकाकी जाते. ग्लिसरीनने चकाकी परत आली. तरी ते जॅमसारखं दिसत होतं, म्हणून चिमूटभर कोको पावडर घातली, आणि मग आईने मला ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरायची बंदी केली. सेक्रेटरी नमुना बघायला आमच्या स्वयंपाकघरात आले तेव्हा मावशी टेबलापाशी वाटाणे सोलत होती.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबर चौथ्या मजल्यावर राहते. तळमजल्यावर जिथे आता न्हावी आहे तिथे तिचं शिवणकामाचं दुकान होतं. गुडघे गेले तेव्हा दुकान न्हाव्याला भाड्याने दिलं, आणि पुढे पडून पायाचं हाड मोडल्यापासून ती खाली उतरलेलीच नाही. उतरायचं तर कुणीतरी उचलायला हवं. "मी काय कपाट आहे?" असं म्हणून ती विषय संपवायची आणि गॅलरीत जाऊन दुकानाच्या पत्र्याकडे बघत बसायची. वरून फक्त पत्रा दिसतो. मग मला विचारायची, "माझ्या कटिंगच्या टेबलाचं काय केलं गं त्याने?" मी सांगायला तोंड उघडलं की, "जाऊ दे, मला काय करायचंय."

"मावशी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," सेक्रेटरी बशीतल्या रक्तात बोट बुडवत म्हणाले. "सायरन झाला तरी बसून राहा. तुम्हाला सरावात धरलेलंच नाही."

"म्हणजे?"

"ज्यांना चालता येत नाही त्यांना सोडून सराव करायचाय. तुम्ही नाहीच आहात असं समजायचं."

मावशीचा हात शेंगेवर थांबला. "आणि खरी आग लागली, तर तिला कोण समजावणार? तू?"

"त्याचा वेगळा प्लॅन आहे ना. आधी तळमजला रिकामा करायचा, मग पहिला, मग दुसरा..."

"धूर वर जातो," मी म्हणाले. "तळमजल्याचं दार तर रस्त्यावरच उघडतं."

"तू रक्त बघ."

"मला घे सरावात," मावशी म्हणाली.

"कशात घेऊ? तुम्हाला चालता—"

"मेलेल्याची जागा रिकामी आहे ना? मग मला मेलेली धर."

"ताई!" आई बाहेरून ओरडली. "काय भलतंसलतं बोलतेस!"

मी मावशीच्या कानाशी गेले. "तुला उचलून न्यावं लागेल हं."

"मेल्यावर कुणी विचारतं का?"

सेक्रेटरी म्हणाले, की नियमांचा प्रश्न येतो, समितीला विचारावं लागेल. मावशीने शांतपणे पुढची शेंग सोलली. "तुझ्या शाळेच्या चड्ड्या मी शिवल्यात. दर वर्षी मागून फाटायच्या. कशाने फाटायच्या ते समितीला सांगू का?"

सेक्रेटरींनी तिला तिथल्या तिथे मृत घोषित केलं.

रविवारी सकाळी मावशीने ठेवणीतले कपडे काढले. रक्त कपड्यांवर नको, कपाळावर आणि केसांत चालेल, अशी अट होती. आमच्या दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी चटई घालून तिला झोपवलं. मग तिने गुडघ्यांखाली उशी मागितली.

"मयताला उशी नसते, मावशी."

"गुडघे जिवंत आहेत माझे. आण."

सायरन वाजला. दारं आपटली, पावलं धडधडत खाली गेली. कुणीतरी "शांतपणे उतरा!" असं बोंबलत होतं. बेशुद्ध बाई नवऱ्याला हाक मारत होती. दोन्ही पाय मोडलेला विमा एजंट स्ट्रेचरची वाट बघून कंटाळला आणि जिन्याने चालत खाली गेला. रक्तवाली म्हणून मी मोजणीत नव्हते, तेव्हा मावशीजवळ बसून राहिले. ती डोळे मिटून चोख मेली होती. फक्त मधेमधे, "आले का गं?" असं विचारायची.

कुणी आलं नाही. थोड्या वेळाने खालून कपबशांचा आवाज यायला लागला. मग लाउडस्पीकर खरखरला.

"सांगायला आनंद होतो की सर्वच्या सर्व रहिवासी सुखरूप बाहेर आले आहेत. एकही जण मागे राहिलेला नाही."

मावशीने एक डोळा उघडला. "ऐकलंस?"

"थांब, मी जाऊन सांगते."

"तू नको. मला उठव."

तिला उभं करून गॅलरीपर्यंत न्यायला मला घाम फुटला. कठडा धरून ती वाकली. ओघळ कपाळावरून हनुवटीपर्यंत आला होता. "अरे ए सेक्रेटरी!" मोठं गिऱ्हाईक असलं की दुकानात काढायची तो आवाज तिने लावला. "इथे मयत पडलीय, तिला कोण नेणार?"

रस्त्याने जाणारी एक बाई वर बघून किंचाळली आणि हातातली पिशवी टाकून पळाली. माझ्या रक्ताला मिळालेली ती पहिली दाद.

अधिकाऱ्याने बिस्किट बशीत ठेवलं. "इमारतीत माणसं किती?" त्याने सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरींनी आकडा सांगितला.

"त्यांना धरून?"

माईक चालूच होता, त्यामुळे सेक्रेटरींचं गप्प राहणं तिन्ही गल्ल्यांना ऐकू गेलं.

"नापास," अधिकारी म्हणाला. "आणि आधी त्यांना खाली आणा."

स्ट्रेचर घेऊन सेक्रेटरी, एजंट आणि न्हावी वर आले, मागून अधिकारी आला. चौथा दांडा एका भाडेकरूच्या हातात दिला. आमचा जिना अरुंद आणि स्ट्रेचर वळणाच्या चौकापेक्षा लांब, त्यामुळे प्रत्येक वळणावर एक बाजू उचलून ते जवळजवळ उभं करावं लागत होतं. पट्ट्यांनी बांधलेली मावशी मग भाषणाला उभी राहिल्यासारखी दिसायची, आणि करायचीही तेच.

"कठडा! कठडा सांभाळ! डोळे आहेत का बटणं?"

"मावशी, मेलेली माणसं बोलत नाहीत," सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले.

"मेलेल्या माणसांचं डोकं भिंतीवर आपटतात का? आणि तू, पाय मोडलेला! नीट धर. मगाशी कसा टणाटणा उतरलास, ऐकलं मी."

खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने तिकडे लक्ष दिलं नाही. पट्ट्या सोडायला लावल्या, माझा एक खांदा आणि न्हाव्याचा एक असे धरले आणि सरळ त्याच्या दुकानात शिरली. दारातच थांबली. तिने आधी छत बघितलं, मग आरसे, आणि मग आरशाखालचं लांब टेबल, ज्याच्यावर कंगवे आणि बाटल्या मांडल्या होत्या.

"पाय कापलेस त्याचे."

"उंच होतं, मावशी," न्हावी चाचरत म्हणाला.

"उंच नव्हतं. मी उंच होते." तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जाऊन खुर्चीत बसली. "केस धू माझे. या पोरीचं रक्त गोंदासारखं चिकटलंय."

बाहेर अधिकाऱ्याने निकाल सांगितला. पुढच्या रविवारी सराव पुन्हा होणार. सुरुवात चौथ्या मजल्यापासून, आणि मावशीला जिवंत धरून, म्हणजे सगळ्यात आधी खाली आणायचं. तेही वेळेत. सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं, कारण शेजारच्या संघांचे लोक त्या रविवारी बघायला येणार होते.

"मग सराव करायला हवा," मावशी आतून म्हणाली. डोक्यावर फेस होता. "रोज संध्याकाळी. तुम्हाला काही जमत नाही."

त्या आठवड्यात सेक्रेटरी, एजंट, तो भाडेकरू आणि दुकान सोडता न येणाऱ्या न्हाव्याच्या जागी संघाचा आणखी एक कार्यकर्ता असे चौघं रोज संध्याकाळी मावशीला खाली आणायचे आणि अंधार पडल्यावर वर न्यायचे. सेक्रेटरींनी कंबरेला पट्टा बांधला. एजंट सोमवारी म्हणाला की गिऱ्हाईक येणार आहे. मावशी म्हणाली, "मग गिऱ्हाइकालाही आण, पाचवा लागेलच." मधल्या वेळात ती न्हाव्याच्या दुकानात बसायची. त्याच्या फाटक्या कापडांना तिने कडा घालून दिल्या. दाढीला आलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या शर्टाचा खांदा कुठे चुकलाय ते सांगायची. चौथ्या दिवशी तर एक जण दाढी नसताना नुसता विचारायला आला. कपाटाचं नाव तिने एकदाही काढलं नाही.

अडचण अशी झाली की चौघं शिकले. वळणावर कुणी कुठला दांडा कधी उचलायचा हे त्यांना न बोलता कळायला लागलं. शनिवारी त्यांनी मावशीला इतक्या सफाईने खाली आणलं की ती वाटेत एकदाही बोलली नाही.

रात्री मी तिच्या पायांना तेल चोळत होते. "उद्या नक्की पास होणार," मी म्हणाले.

"हं. आणि परवा?"

"परवा काय?"

"परवा संध्याकाळी कोण येणार?"

मी सेक्रेटरींच्या बाजूने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. माणसं चांगली आहेत, सवय झालीय, विचारून बघू. मावशी माझ्याकडे बघत राहिली. शांतता सप्ताह संपल्यावर कुणी शांत राहिलं होतं का, सायकली पुन्हा कुणी बाहेर काढल्या होत्या का, हे तिने विचारलं नाही. माझं मलाच आठवलं.

"सकाळी न्हाव्याला लवकर वर बोलाव," ती म्हणाली. "आणि आईला सांगू नकोस."

आई भाजीला गेली तेव्हा मी आणि न्हाव्याने मावशीला जेवणाच्या खुर्चीवर बसवून खाली आणलं. आठवडाभर चौघांकडे बघून वळणं मला पाठ झाली होती. फक्त पहिल्या मजल्यावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला आणि एजंटाच्या घरातून "कोण आहे?" आलं. "मांजर," मावशी म्हणाली, आणि आम्ही पुढे निघालो.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारच्या संघांचे लोक येऊन बसले. अधिकारी शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला, कारण तिथून जिना नीट दिसतो. सायरन झाला आणि चौघं स्ट्रेचर घेऊन जिन्यावर तुटून पडले. खरंच छान पळत होते. सेक्रेटरींचा आवाज जिन्यातून वर वर जात होता, "मावशी, आलोच! घाबरू नका!"

"फार छान तयारी केलीय यांनी," अधिकारी कौतुकाने म्हणाला आणि वळला. मावशी आरशासमोर बसली होती, गळ्याभोवती पांढरं कापड, न्हावी तिचे केस विंचरत होता.

अधिकाऱ्याने तिच्याकडे बघितलं. मग स्टॉपवॉचकडे. वरून आमच्या दारावर चार माणसांच्या थापा ऐकू यायला लागल्या.

"तुम्ही इथे," तो म्हणाला. "मग ते काय आणणार?"

"काही नाही," मावशी आरशातून म्हणाली. "नापासच म्हणायचं ना हे?"

"नियमाप्रमाणे, हो."

"मग पुढच्या रविवारी परत घ्याल?"

"घ्यावाच लागेल."

"आणि तोवर यांना रोज सराव लागणार."

वर सेक्रेटरी दाराच्या फटीतून मावशीला धीर देत होते. अधिकाऱ्याने स्टॉपवॉच बंद करून खिशात टाकलं, टोपी काढून मावशीच्या बाजूच्या खुर्चीत बसला आणि गाल चाचपत न्हाव्याला म्हणाला, "ते खाली येईपर्यंत माझी दाढी होईल का रे?"