अकरा परकी अंडी

मी खुडूक कोंबडी बोलतेय. जवळ येऊन ऐकायचं असेल तर हात मागे बांधून या. गेल्या दीड वर्षात माझ्या पोटाखाली इतके हात आले-गेले, की आता हात दिसला की चोच आपोआप चालते. यात दोष हातांचा किती आणि माझा किती, ते तुम्हीच ठरवा. मला स्वतःचा फारसा भरवसा नाही.

माझी जात विचाराल तर नाही. तपकिरी पिसं, आखूड पाय, एक डोळा दुसऱ्याहून जरा बारीक. आईने मला लाकडाच्या वखारीत, भुशाच्या ढिगात उबवलं. तिथून टोपलीत बसून मी या घरात आले. घर घड्याळजींचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे मोरी आणि इवलंसं अंगण. अंगणात माझं खुराडं. घड्याळजी दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग लावून बसतात, त्यामुळे जेवतानाही त्या डोळ्याभोवती गोल वण असतो. दुकानाच्या भिंतीवर तीसेक घड्याळं आहेत आणि सगळी एकच वेळ दाखवतात, याचा त्यांना कोण अभिमान.

या माणसाला वेड लागलं काळ्या स्पॅनिश कोंबड्यांचं. कुठल्याशा मासिकात चित्र बघितलं. अंग काळं कुळकुळीत आणि तोंड पांढरंफेक, जणू पिठाच्या डब्यात डोकं घालून नुकतंच बाहेर काढलंय. जात दुर्मिळ. मग लांबच्या एका पाळणाऱ्याला पत्रावर पत्रं गेली, आणि एके दिवशी पार्सलमधून अकरा अंडी आली.

आता या स्पॅनिश बायांचं एक ऐका. त्या अंडी घालतात, बसत मात्र नाहीत. अंडं घातलं, ओरडून अख्ख्या गल्लीला सांगितलं, की चालल्या फिरायला. मग बसायचं कोणी? जिला जात नाही तिने. मी तेव्हा खुडूक होते, म्हणजे अंग फुगवून घरट्यात ठाण मांडून होते. घड्याळजींनी माझी स्वतःची तीन बदामी अंडी उचलून स्वयंपाकघरात धाडली आणि ही अकरा पांढरी माझ्याखाली सरकवली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. लोक म्हणतील, जाऊ दे ना आता. मी जाऊ देणार नाही.

पण खरं सांगू? तासाभरात ती माझी झाली. पोटाखाली गार लागलं की ऊब देणं सुटत नाही. याला माया म्हणायचं की मूर्खपणा, मला अजून कळलेलं नाही.

एकवीस दिवस मी बसले. दिवसातून एकदा उठायचं, चार दाणे, घोटभर पाणी, की परत. तेवढ्यातही डोक्यात भुंगा: गार पडली असतील का? कडेचं फिरवलं होतं का मी? आणि या सगळ्यात घड्याळजींची बायको. तिला मी बाई म्हणते. पदरी सतरा महिन्यांचं मूल, आणि ते अजून चालत नव्हतं. जो येई तो तेच विचारी. मग बाई मुलाला धरून उभं करी, पाय चाचपून बघी, आणि तिथली काळजी संपली की माझ्याकडे येई. रोज मला उचलायची. अंडं विजेरीवर धरायची, कानाला लावायची, परत ठेवायची, की पुन्हा तेच उचलायची. "जिवंत आहे ना गं?" हे मला विचारायची. मी तिचं मनगट फोडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा हजर. एवढी शिकलेली बाई, पण तिला कोणी सांगितलं नव्हतं, की उघडून बघितल्याने काही वाढत नाही.

अकरांतली सात फुटली. चार तशीच राहिली. मी म्हणते तिच्या हातांनी गेली. कधी वाटतं, मीच त्या एका दुपारी पाण्याजवळ जास्त रेंगाळले होते.

सात पिल्लं. पाठ काळी, पोट पिवळट पांढरं. घड्याळजींनी भिंग लावलं, एकेकाला उताणं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चित्रातली कोंबडी पोटालाही काळी होती. पहिली पिसं झडली तशी पोटं काळी झाली, पण मनात शिरलेली शंका काही झडली नाही. आता ते तोंडांच्या मागे लागले. दर रविवारी पिल्लं ओळीने मोरीच्या कट्ट्यावर. दुसऱ्या महिन्यात तोंडं गुलाबी, तिसऱ्यात गुलाबी, पाचव्यात लाल. चक्क माझ्यासारखी लाल.

त्याच सुमारास बाईचा थोरला भाऊ आला. हा गॅरेजवाला, हात तेलकट आणि जीभ त्याहून. अंगणात उभं राहून त्याने माझ्या सहा तलंगा आणि एक कोंबडा बघितला. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी.

"जावईबापू, ही स्पॅनिश? यांची आई तर इथेच बसलीय," म्हणाला, आणि माझ्याकडे बोट करून पोट धरून हसला. तुमच्या गल्लीतल्या कोंबड्याचं काम दिसतंय, असंही वर जोडलं.

माझ्यावर आळ! अहो, अंडी पार्सलने आली होती. माझी तीन तर तुम्हीच तव्यावर फोडून खाल्लीत. पण घड्याळजींचे कान तापले होते. लांबच्या त्या पाळणाऱ्याने गावठी माल गळ्यात मारला, असं त्यांनी ठरवून टाकलं. तीस घड्याळांच्या या धन्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. या जातीचं तोंड पांढरं व्हायला वर्ष लागतं, कधी जास्तच. मासिकात चित्र होतं. त्या चित्राला किती महिने लागले, ते तिथे लिहिलेलं नव्हतं, आणि त्या पाळणाऱ्याला एक पत्र टाकून विचारावं, एवढाही धीर यांना नव्हता.

नाक्यावरच्या खानावळवाल्याला निरोप गेला. तो जाळीची पेटी घेऊन आला.

बाई दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, थोडं थांबूया का?" एकदा म्हणाली. तेही असं, की वाक्य संपायच्या आत स्वतःच मागे घेतलं. घड्याळजी म्हणाले, "कशासाठी थांबायचं? पाच महिने झाले." मग ती गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याचा राग मला खानावळवाल्यापेक्षा जास्त आहे. त्याचा तो धंदा. हिला तर ठाऊक होतं. घरात एक न चालणारं मूल घेऊन बसलेल्या बाईला, अजून व्हायचं आहे आणि होणारच नाही, यातला फरक कळायला नको?

पेटीत एकेक जात होतं. मी खुराड्याच्या जाळीवर अंग आपटत होते. माझी पिसं उडत होती आणि खानावळवाला म्हणत होता, म्हातारी भलतीच तापट आहे. सहावं आत गेलं. सातवी तलंग त्याने पायाला धरून उचलली, तेव्हा बाई पुढे आली आणि तिने ती त्याच्या हातातून सरळ काढून घेतली.

"ही राहू दे. बाळ हिच्याशी खेळतं."

धादांत खोटं. ते बाळ कोंबडी बघितली की भोकाड पसरतं. घड्याळजींना हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.  पेटी गेली. त्या दिवशी मी दाण्याला तोंड लावलं नाही, आणि बाई मोरीत बसून नुसतंच पाणी ओतत राहिली. एका तरी जिवापुरतं तिने तोंड उघडलं, म्हणून मी तिला चोच मारली नाही. मारावीशी फार वाटली.

नवव्या महिन्यात त्या एकुलतीच्या डोळ्याखाली खडूने काढल्यासारखा पांढरा ठिपका आला. मग तो पसरला. गालावर आला, कानाला भिडला. वर्षाच्या आत-बाहेर तिचं सगळं तोंड पांढरंशुभ्र, मऊ, हातमोज्यासारखं. घड्याळजी भिंग लावून तिच्यासमोर उकिडवे बसले ते किती तरी वेळ. भिंग काढलं तेव्हा त्यांना ते कुठे ठेवावं हे कळेना.

शेवटी म्हणाले, "अगं, तू तेव्हा का नाही बोललीस?"

बाई दोरीवरून कपडे काढत होती. "बोलले होते," ती म्हणाली. "हळू बोलले, तेवढं चुकलं. आता नाही हळू बोलणार." आणि कपडे घेऊन आत गेली. मूल तिच्या मागोमाग, भिंतीला धरून, पडत-झडत. कोणी शिकवलं नव्हतं. ते त्याचं त्याला आलं होतं.

गेल्या आठवड्यात दुसरं पार्सल आलं. नऊ अंडी. या वेळी बाईने स्वतः माझ्याखाली ठेवली, एकेक करून. खुराड्यावर कॅलेंडर टांगलंय. एकविसाव्या दिवसावर खूण आहेच, पण तिने पुढच्या वर्षाचं पानही टाचून त्यावर मोठा गोल केलाय. त्याआधी कोणीही येऊन तोंडं बघायची नाहीत, हे तिने नवऱ्याला आणि भावाला एकाच दमात सांगितलं. मोठ्याने. खुद्द तिची विजेरी घरात कुठे आहे, मला माहीत नाही. या खेपेला अजून आणलेली नाही.

तर मी पुन्हा बसलेय. राग गेलेला नाही, जाणारही नाही. ऊब आणि राग दोन्ही एकाच अंगात मावतात, हे मला आता कळलंय. ती पांढऱ्या तोंडाची माझी लेक आत्ताच शेजारच्या टोपलीत अंडं घालून, गल्लीला ओरडून सांगून निघून गेली. तिला थांबणं येत नाही. तिच्या रक्तातच ते नाही, तिला माफ. पण ज्यांना थांबता येतं आणि तरी जे पेटी मागवतात, त्यांनी जरा जवळ येऊन बघावं. चोच तयार आहे.