पाणी परत येईपर्यंत

देवानंदने मासा मोजपट्टीवर आडवा धरला तेव्हा तो हातातच घुमला. पोटातून ढोलावर थाप पडावी तसा आवाज. तांबूस, जड अंग, शेपटीशी काळा ठिपका.

"एकोणतीस इंच," त्याचा मित्र राकेश म्हणाला. "नियमापेक्षा मोठा आहे यार. सोड."

देवानंदने वाकून रेडफिश पाण्यात धरला. हात कोपरापर्यंत बुडायच्या आत बोटांना चिखल लागला. माशाने शेपूट मारली आणि गढूळ पाण्यात तो दिसेनासा झाला. त्याच वेळी खिशातला फोन वाजला. नागपूरहून पायल होती, त्याची धाकटी बहीण. इथे सकाळचे दहा, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ.

"दादा, आईचा ऑक्सिजन खाली येतोय. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना बोलावून घ्या. तुझं गुरुवारचं तिकीट बदल. आजच निघ."

मागे कुठलंसं मशिन एकसारखं टिटी करत होतं.

"निघालोच," तो म्हणाला. आपण मॅटागोर्डाच्या खाडीत आहोत, घरापासून दोन तासांवर, हे त्याने सांगितलं नाही.

राकेशने बोटीचं इंजिन सुरू केलं. पंख्याने काळा चिखल उडवला आणि इंजिन बंद पडलं. उत्तरेचा वारा दुपारनंतर सुटणार होता, तो सकाळीच सुटला होता. त्याने खाडीतलं पाणी समुद्राकडे लोटून नेलं होतं. दोघे उतरून बोट ढकलू लागले, पण बोट हलली नाही. पायच आत गेले.

राकेशने मदतीसाठी बचाव पथकाला फोन लावला.

"त्यांची बोट इथवर येणार नाही म्हणतात. पाणी परत येईपर्यंत थांबा. कुणाच्या जिवाला धोका आहे का, विचारतायत."

"आहे म्हणून सांग."

राकेश त्याच्याकडे बघत राहिला. "काय सांगू, देवा?"

देवानंद किनाऱ्याच्या दिशेने चालू लागला. किनारा दिसत होता. पाण्याची टाकी, उभ्या गाड्या, सगळं. दहाव्या पावलाला तो मांडीपर्यंत रुतला. राकेशने दोर फेकून त्याला ओढून घेतलं तेव्हा एक बूट चिखलातच राहिला होता.

मग दोघे बोटीत बसून राहिले. शांतता सहन होईना म्हणून राकेश बोलत होता. धक्क्यावर कोळंबी विकणारा म्हातारा त्याला सांगायचा, पूर्वी इथे जाळ्यांनी खाडी आडवी बांधायचे. रेडफिश जवळजवळ संपलेच होते. मग जाळ्यांवर बंदी आली, लाखो पिल्लं सोडली, तेव्हा कुठे मासा परत आला. बोलता बोलता तो मध्येच थांबला.

"मीच तुला ओढून आणलं. फ्रेश होशील म्हणून."

"तुझं काय त्यात," देवानंद म्हणाला.

अकरा वाजता पुन्हा फोन आला. राकेश उठला आणि बोटीच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला.

"दादा, फोन आईजवळ धरते," पायल म्हणाली. "बोल तू."

मशिनचा आवाज येत नव्हता. तिचा आवाजही मघापेक्षा स्थिर होता. देवानंदला जरा बरं वाटलं.

"आई, मी निघालोय. एअरपोर्टच्या रस्त्यावर आहे." तो थांबला. "नाही आई. खाडीत अडकलोय. मासे धरायला आलो होतो." मग त्याला थांबता येईना. "तुझ्या नातवाला, आर्यला, मराठी येतं असं मी तुला सांगायचो ना, ते खोटं होतं. तुझा फोन यायच्या आधी चार वाक्यं पाठ करून घ्यायचो त्याच्याकडून. आणि तिकीट. काल निघता आलं असतं, आई. सीट होती. बुधवारी ऑफिसात मीटिंग होती म्हणून मी गुरुवारचं घेतलं."

त्याने बाहीने नाक पुसलं.

"पायल, तिला कळलं का गं?"



"दादा, आई नऊ पन्नासला गेली."

देवानंदने फोन कानापासून दूर केला, पडद्यावरची वेळ पाहिली, तिकडे साडेदहा होऊन गेले होते, आणि पुन्हा कानाला लावला.

"मग तू..."

"सांगायलाच केला होता फोन. तुझा आवाज ऐकला आणि धीर झाला नाही. मामा खुणेने म्हणाले, बोलू दे त्याला."

"मामा होते?"

"सगळेच आहेत. फोन स्पीकरवर होता." ती म्हणाली, "कुणी काही म्हणालं नाही रे. उद्या अकराला नेणार आहोत. तुझ्यासाठी थांबता येणार नाही."

"नका थांबू," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर राकेशने मान वळवली. "कशा आहेत?"

"शांत आहे."

तीन वाजता वारा पडला. चिखलावरून पाण्याची पातळ साय सरकत आली, बोटीखाली शिरली, आणि बोट एका बाजूने किंचित उचलली गेली. राकेश उडी मारून उतरला. एकट्यानेच खांदा लावून तिला ढकलत राहिला, छातीपर्यंत चिखलात माखला, आणि शेवटी धापा टाकत चढून त्याने इंजिन सुरू केलं.

"रात्रीची फ्लाइट मिळते यार. बायकोला बॅग घेऊन यायला सांग. मी डायरेक्ट एअरपोर्टला सोडतो. पोचवतो तुला, बघ."

देवानंदने त्याच्याकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं.

"धर घट्ट," राकेश म्हणाला.

देवानंदने बोटीचा काठ धरला.

"चल," तो म्हणाला.