कागदांची वाट

बदरुद्दीनने पिशवीत हात घातला, मूठभर चिटोरे काढले आणि जीपच्या मागून ते उधळणार, तोच त्याची मूठ हवेत थांबली. चिटोऱ्यांवर अरबी अक्षरं होती.

पुढे पेनरोझसाहेब स्टिअरिंग धरून बसले होते आणि नेहमीप्रमाणे मागे न बघता बोलत होते.

"हा उतार संपला की ससेक्स संपलं, बदरुद्दीन. आता नदीकाठ. टाकतोयस ना?"

"टाकतो, साब," बदरुद्दीन म्हणाला आणि मूठ मिटून घेतली.

साहेबांचं ससेक्स म्हणजे कुवेतातल्या अहमदी या तेलाच्या गावाच्या पश्चिमेची वाळूची लांबट टेकडी, आणि नदी म्हणजे एक खळगा. परवाच्या पावसाचं पाणी त्यात अजून साचलेलं होतं. थंडीच्या दिवसांत तेल कंपनीचे गोरे साहेब दर शुक्रवारी अर्ध्या चड्ड्या घालून या मुलखात धावायला निघत. कुणी पाठीस लागलेलं नसताना माणूस का धावतो, हे कोडं बदरुद्दीनला सुटलेलं नव्हतं. पण हौसेला मोल नाही म्हणतात. खेळाची रीत अशी की सकाळी एकाने कागदाचे चिटोरे टाकत वाट आखून ठेवायची आणि दुपारी बाकीच्यांनी ते चिटोरे शोधत धावायचं. कागद वळतील तिकडे वळायचं. विलायतेत शाळेतली पोरंसुद्धा असंच धावतात, असं साहेब सांगत.

पेनरोझसाहेबांचा गुडघा कामातून गेला होता. स्वतःला धावता येत नाही म्हणून वाट आखायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं, चिटोरे टाकायला ऑफिसातला शिपाई बदरुद्दीन सोबत असे, आणि त्या निमित्ताने ते या भाजक्या मुलखात आपली विलायत हुडकून काढत. मुंबईच्या गोदीत शिकलेल्या हिंदीत ते सांगत राहायचे: इथे मेंढ्यांचं कुरण, इथे कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या, इथे निळ्या फुलांनी भरलेलं रान, आणि इथे घोट्यापर्यंत चिखल. चिखलाचं तर ते इतक्या मायेने सांगत की बदरुद्दीनला हसू यायचं. त्याच्या दाभोळकडे चिखलात बैलही नाइलाजानेच उतरतो. तरी त्याला हे ऐकायला आवडे, कारण साहेब घरची आठवण काढत होते आणि तेवढं त्याला कुठल्याही भाषेत कळलं असतं.

आज घोटाळा कागदांनी केला होता. इंग्रजी रद्दी संपली म्हणून क्लबातल्या कुणीतरी ऑफिसातली जुनी अरबी वर्तमानपत्रं फाडून पिशवी भरली होती. वर थोडं इंग्रजी आणि खाली सगळं अरबी.

बदरुद्दीनच्या गावात अरबी अक्षर म्हणजे कुराणाचं अक्षर. दुसरं अरबी तिथे कुणी पाहिलेलंच नव्हतं. वाटेत तसा कपटा दिसला तर उचलायचा, डोळ्यांना लावायचा आणि कुणाचा पाय लागणार नाही अशा उंच जागी भिंतीच्या फटीत ठेवायचा. कुवेतला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मासेवाल्याने पापलेट अरबी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता. तो कागद त्याने धुऊन, वाळवून ट्रंकेत ठेवला. क्लबातले खानसामा महबूबभाई त्यावरून त्याला अजून चिडवायचे.

आणि आता हेच कागद तो स्वतःच्या हाताने साहेबांच्या बुटांखाली घालणार होता. साहेबांना नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. मग त्याने आपल्यापुरता तोडगा काढला. इंग्रजी तेवढे टाकायचे, अरबी पिशवीतच राहू द्यायचे. नदीकाठी वाट दाट पडली, पुढे कुरणात विरळ झाली आणि कुरणाच्या पलीकडे पिशवीत टाकण्यासारखं काही उरलंच नाही. साहेब लोक शिकलेले आहेत, जीपच्या चाकांच्या खुणा बघत येतील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

जुम्म्याची नमाज झाली. दुपारी पंधरा-सोळा साहेब हसतखिदळत टेकडीपलीकडे गेले आणि त्यानंतर वारा सुटला. तासाभरात हवा अशी गढूळ झाली की क्लबाच्या व्हरांड्यातून टेकडीही दिसेना. चाकांच्या खुणा कधीच पुसल्या गेल्या असणार. चहाची वेळ टळून गेली, ऊन उतरलं, तरी एकही साहेब परतला नाही. गेल्याच हिवाळ्यात कंपनीचा एक ड्रायव्हर लॉरी बंद पडली म्हणून चालत निघाला होता. तो सापडला तेव्हा मेलेला होता.

"महबूबभाई, कागद मी टाकलेच नाय," बदरुद्दीन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. "अर्ध्या वाटेपर्यंतच टाकले. बाकीचे अरबी होते."

महबूबभाईंनी किटली खाली ठेवली.

"अरे, त्यात साबणाची जाहिरात असेल."

"असेल. मना अक्षरं लागतात, अर्थ लागत नाय. मग साबणाचा कागद कुठला नि अल्लाच्या नावाचा कुठला, मी कसा ओळखू?"

महबूबभाईंनी पुढे होऊन दार लोटून घेतलं.

"आता तोंड उघडू नको. कागद वाऱ्याने उडाले म्हण. वाऱ्याला कोण जाब विचारतोय? नायतर पुढच्या बोटीत बसवतील तुला."

सबब बिनतोड होती. गावी झुलेखा होती, तीन मुली होत्या, आणि त्यांच्या घरातली चूल याच नोकरीवर पेटत होती. पण वाऱ्याचं नाव घेतलं तर साहेब सुरुवातीपासून सगळी वाट धुंडाळत बसले असते. कागद नेमके कुठे संपले, ते एकट्या बदरुद्दीनला ठाऊक होतं. बाहेर अंधारून येत होतं आणि गार वारा वाढत होता. आपण अक्षरं वाचवली आणि माणसं घालवली, हे झुलेखाला कुठल्या तोंडाने सांगणार? तो पिशवी घेऊन व्हरांड्यात गेला.

पेनरोझसाहेब पायरीवर उभे होते. हातात दुर्बीण होती, पण ती त्यांनी केव्हाच खाली केली होती.

"साब, कागद कुरणापाशी संपलेत. पुढचे मी टाकलेच नाहीत." त्याने पिशवी पुढे केली.

साहेबांनी आत हात घालून एक चिटोरा काढला, उजेडात धरून पाहिला.

"का?"

"पायाखाली आले असते, साब."

साहेबांचा चेहरा लाल झाला. चिटोरा त्यांनी पुन्हा पिशवीत टाकला आणि लंगडत जीपकडे निघाले.

"पुढे बस. जागा दाखव."

क्लबाची लॉरी पाठोपाठ घेऊन ते निघाले. नदीकाठी, सकाळी ज्याचं एवढं कौतुक चाललं होतं तिथे, साहेबांनी मान वळवूनही पाहिलं नाही. बदरुद्दीन मनातल्या मनात दुआ म्हणत होता आणि मध्येच थांबून "डावीकडे, साब" म्हणत होता. कुरणात एका झुडपात शेवटचा इंग्रजी चिटोरा अडकलेला दिसला. तिथे साहेबांनी इंजिन बंद केलं, दिवे तसेच ठेवले आणि हॉर्न वाजवला. वाऱ्यापलीकडून काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवला, आणि कुठूनतरी कुत्रा भुंकला.

"कुत्रा आहे म्हणजे तंबू आहे, साब," बदरुद्दीन म्हणाला.

तंबू एका उंचवट्याच्या आडोशाला होता. आत शेकोटी पेटलेली, भोवती मेंढरं दाटीवाटीने बसलेली, आणि त्या मेंढरांत अर्ध्या चड्ड्यांतले साहेब बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या मेंढपाळांच्या, घोंगड्या पांघरून चहा पीत होते. एका तरुण साहेबाच्या मांडीवर कोकरू होतं. पेनरोझसाहेबांनी बोट दाखवत सगळे मोजले, मग पुन्हा मोजले. सगळे होते. बदरुद्दीन जीपच्या चाकाला टेकून वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला. इतकं हलकं त्याला कुवेतात आल्यापासून वाटलं नव्हतं.

कोकरूवाला साहेब उठून बाहेर आला. ऑफिसात आणि क्लबात राहून बदरुद्दीनला जेवढं इंग्रजी येत होतं, तेवढ्यात त्याचं बोलणं कळलं.

"आजवरची सगळ्यांत अस्सल वाट, पेनरोझ! अर्ध्यावर कागदच नाहीत. घरी असंच तर व्हायचं. वाट चुकायची, मग एखाद्या शेतावर जाऊन विचारायचं, आणि शेतकरी चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. मुद्दाम केलंत ना?"

पेनरोझसाहेबांनी चाकाला टेकलेल्या बदरुद्दीनकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं."

तंबूच्या म्हाताऱ्या मालकाचे आभार मानून सगळे लॉरीत चढले आणि लॉरी क्लबाकडे गेली. जीपमध्ये दोघंच उरले.

"मी रागावलोय," साहेब म्हणाले. "कुणी मेलं असतं."

"हो, साब."

"सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गावाकडचं सांगत होता, साब. मध्येच कसं तोडायचं?"

साहेबांनी नाकातून एक आवाज काढला. तो हसण्याचा होता की कसला, ते अंधारात कळलं नाही.

"आता त्या कागदांचं काय करतात?" त्यांनी पायाशी पाहत विचारलं. पिशवी तिथे नव्हती. बदरुद्दीनने ती मांडीवर घेतली होती.

"पाण्यात सोडतात, साब. आमच्याकडे खाडीत सोडतात, ओहोटी बघून."

अहमदीचे दिवे समोर दिसू लागले होते. साहेबांनी जीप दिव्यांकडे न नेता समुद्राकडच्या उताराला वळवली, आणि ती मंगफच्या किनाऱ्यावर येऊन थांबली. कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. वारा पडला होता. बदरुद्दीनने चपला काढल्या, पायजमा गुडघ्यांवर दुमडला आणि पिशवी छातीशी धरून तो पाण्यात शिरला. ओंजळ ओंजळ कागद तो पाण्यावर सोडत होता आणि पाणी ते ओढून नेत होतं.

पिशवी रिकामी करून तो वळला तेव्हा पेनरोझसाहेब पाण्याच्या कडेला उभे होते. त्यांच्या पायांत बूट नव्हते. एक चिटोरा लाटेबरोबर परत येऊन त्यांच्या पावलांपाशी वाळूला चिकटला होता. साहेबांनी घाईने पाय मागे घेतला. मग दुखरा गुडघा सांभाळत, तोंड वेडंवाकडं करत ते खाली वाकले, दोन्ही हातांनी तो कागद उचलला आणि बदरुद्दीन बाहेर येईपर्यंत तसाच ओंजळीत धरून उभे राहिले.