चौकोनाशेजारची सावली

"हेही नापास," मी म्हटलं आणि सतरावं भिंग लाल ट्रेमध्ये ठेवलं.

पडदा सारून साहेब आत आले. साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, माझ्या मुलाहून दोन वर्षांनी लहान. "मावशी, सकाळपासून सतरा? कॅमेरा तर सगळी पास करतोय."

"मग कॅमेऱ्यालाच बसवा या खुर्चीवर. मी जाते घरी भाजी निवडायला."

त्यांनी कॅमेऱ्याचा विषय सोडला. सोडणारच. तीन वर्षांपूर्वी याच कॅमेऱ्यामुळे त्यांचं तोंड पोळलं होतं.

आमच्या कारखान्यात डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटची भिंगं होतात. माणूस तो चढवतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोंगरावर जातो, समुद्रात बुडी मारतो. लोकांना खोटं जग बघायची हौस, आणि तेही स्वच्छ हवं. भिंगाच्या आत प्रकाश इकडेतिकडे आपटला की खऱ्या चित्राशेजारी दुसरं फिकट चित्र उमटतं. आम्ही त्याला सावली म्हणतो. कडेने शिरलेला प्रकाश पसरून काळं पांढुरकं झालं, की म्हणतो दूध सांडलं. माझं काम एवढंच. अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं डोळे सरावू द्यायचे, डोक्यावर काळं कापड घ्यायचं, भिंगातून समोरच्या काळ्या पडद्यावरचा एक पांढरा चौकोन बघायचा आणि शेजारी सावली आहे की नाही ते सांगायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. मी तो बावीस वर्षं खेळलेय.

तर तीन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याने पास केलेल्या भिंगांत मी सावली धरली. साहेब हसले होते. मग निघालं काय, तर भिंगाच्या काठाला एक बारीक पायरी असते, तिच्या कोपऱ्यात, प्रकाश शोषायला काठाला देतात तो काळा रंग पोचतच नव्हता. प्रकाश तिथून उलटा फिरत होता. मी म्हटलं, रंग पातळ करा, ब्रश तिरका धरा, दोन हात द्या. तसं केलं आणि सावली गेली. सुधारणेचा कागद साहेबांच्या नावाने निघाला, बक्षीसही त्यांनाच. मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते सहा महिन्यांत बंद पडलं. पण तेव्हापासून माझ्या एका शब्दावर काम थांबायचं. मला तेवढं पुरे होतं.

"काठ रंगवायला कोण आहे सध्या?" साहेबांनी विचारलं. त्यांना पक्कं माहीत होतं.

"माझी सून."

"तिचे सहा महिने या शुक्रवारी भरतात. सतरा नापास असताना मी तिला कायम करा म्हणून कसं लिहू?"

"नका लिहू," मी म्हटलं. "नापास ते नापास."

असं बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला सांगू. नोकरीला तिला मीच चिकटवलं होतं. घरात चार वर्षं मान खाली घालून वावरणारी पोर इथे आल्यापासून जेवताना बोलायला लागली होती, नवऱ्याला उलट उत्तर द्यायला लागली होती. मला ते आवडायचं. पण कामावर मी मावशी आणि ती रंगवाली, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

चहाच्या सुट्टीत बायकांना विषयच मिळाला. "घरात पुरलं नाही वाटतं, सासूबाईंनी भांडण कारखान्यात आणलं," एक जण मला ऐकू जाईल असं बोलली. मी चहा घेत राहिले. तेवढ्यात सून समोर येऊन बसली. डोळे लाल होते.

"मावशी, एक विचारू?"

"विचार."

"फिरवून बघितलंत?"

माझं डोकंच फिरलं. भिंग चौकटीत बसवलेलं असतं, ते हाताने गोल फिरवता येतं. सावली भिंगाबरोबर फिरली तर दोष भिंगात. भिंग फिरलं आणि सावली जागच्या जागी राहिली, तर दोष बघणाऱ्याच्या डोळ्यात. ही युक्ती माझी. अख्ख्या खात्याला मीच शिकवली.

"तुला ब्रश धरायला कोणी शिकवलं गं?" मी म्हटलं.

"तुम्हीच. आणि हेही तुम्हीच." ती उठून गेली. कप तसाच राहिला.

नियम आपण केला की तो दुसऱ्यांसाठी असतो, अशी काहीतरी समजूत होते माणसाची. मी वर्षानुवर्षं स्वतः फिरवून बघितलंच नव्हतं. मला गरज काय. फिरवायला लावलं होतं ते मास्तरांना. मास्तरांनीच मला या खुर्चीवर बसायला शिकवलं, आणि त्यांच्या भिंगांत रोज सावल्या निघायला लागल्या तेव्हा मीच चारचौघांत म्हटलं होतं, मास्तर, जरा फिरवून बघा. त्यांनी फिरवलं. मग चष्मा पुसला, डबा उचलला आणि निघून गेले. मोतीबिंदू काढून तीन महिन्यांनी परत आले, तेव्हा मी वरपर्यंत जाऊन बोलले. ऑपरेशनमध्ये बसवतात तेही भिंगच, त्यालाही काठ असतो, प्रकाश त्यावरही आपटतो. त्या काठाला काळा रंग कोण देणार? पटलं सगळ्यांना. तेव्हापासून अंधाऱ्या खोलीच्या दारावर पाटी आहे: ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तपासणी करू नये. अक्षर माझंच आहे.

खोलीत गेले. दहा मिनिटं बसले. कापड घेतलं, सतरावं भिंग चढवलं. पांढरा चौकोन, शेजारी उजवीकडे फिकट सावली. भिंग पाव फेरा फिरवलं. सावली उजवीकडेच. अर्धा फेरा. उजवीकडेच. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सावली हलायला तयार नाही. मग मी मान कलती केली, आणि सावली मुकाट माझ्या मानेबरोबर कलली.

स्वयंपाकघरातला बल्ब आठवला. दोन महिने मुलाच्या मागे लागले होते, बल्बभोवती कडं दिसतंय, हलका माल आणलास म्हणून. बिचाऱ्याने तीन बल्ब बदलले.

कापड डोक्यावर घेऊन तशीच बसले. बाहेर कोणाला काही कळणार नव्हतं. सून घरी बसली असती, चार दिवस रडली असती आणि पुन्हा मान खाली घालून वावरली असती. माझी खुर्ची अजून वर्षभर तरी टिकली असती. हा विचार मी केला. बराच वेळ केला. मग लाल ट्रे उचलला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सतराच्या सतरा पास आहेत. दोष माझ्या डोळ्यात आहे."

ते उभेच राहिले. "मावशी, हल्ली ऑपरेशन म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. करून घ्या, मग..." पुढचं त्यांना आठवलं. "बघू, नियम बदलता येईल."

"नियम बरोबर आहे," मी म्हटलं. "तिचा कागद तेवढा लिहा."

त्यांनी लिहिला. अंधाऱ्या खोलीसाठी नजर तपासली तेव्हा सगळ्यांत तिचीच चांगली निघाली, म्हणून खुर्चीही तिलाच दिली. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत मला काठ रंगवायला बसवलं. काळं कापड मी धुऊन, घडी घालून तिच्या हातात दिलं. घरी मुलाने विचारलं, काय झालंय? आम्ही दोघींनी म्हटलं, काही नाही.

सोमवारी मी ब्रश हातात घेतला. हात अजून पक्का आहे माझा. रंग पातळ केला, ब्रश तिरका धरला, दोन हात दिले. बारा भिंगं झाली, आत गेली. बायका एकमेकींकडे बघत होत्या.

तासाभराने पडदा सरला आणि सून लाल ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये पाच भिंगं होती. माझ्या टेबलापाशी येऊन तिने तो समोर ठेवला.

"फिरवून बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं, आई." कामावर आई म्हणायचं नाही हे ती विसरली होती. "फिरते."

मी एक भिंग उचललं, दिव्याखाली धरलं. पायरीचा कोपरा मला काळाच दिसत होता, पार काळा.

"कुठे राहिलंय, बोटाने दाखव," मी म्हटलं, आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.