चौसष्ट किलोमीटरची थाप

मी एक जुनी, पांढरी, अंगाने आटोपशीर एसयूव्ही आहे. ठाण्यात बाळकुमच्या एका इमारतीखाली, खांब क्रमांक अकराच्या शेजारी माझी जागा आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारे बहुधा आपली थोरवी सांगतात. मला आधी एक गुन्हा कबूल करायचा आहे. मी एकदा थाप मारली, आणि ती एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतली.

माझा जन्म पुण्याकडच्या कारखान्यात झाला. तिथे मला बंद खोलीत, फिरत्या रुळांवर जागच्या जागी पळवलं. ना खड्डा, ना चढ, ना समोर आडवी येणारी रिक्षा. अशा आरामात एका लिटरला वीस किलोमीटर जाते असं माझ्या पुस्तिकेत छापलं गेलं. ते वाचून मीही फुगले. ठाण्यात आल्यावर घोडबंदर रोडच्या पहिल्याच सोमवारी माझा फुगा फुटला. दहा, फार तर अकरा! क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा, असंच दोन तास चाललं. बाकी माझ्यात खोट नव्हती. खड्ड्यात पोट घासत नव्हतं, स्टिअरिंग हलकं होतं. चढावर मात्र दुसऱ्या गिअरमध्ये मी जरा रेंगाळते आणि मग पेट्रोल ढोसते. हे मी लपवत नाही.

माझे मालक कमलेश. त्यांचं घराणं बाळकुमचंच. ज्या शेतात त्यांचे आजोबा भात लावत, तिथेच आता टॉवर आहे आणि त्यातच सातव्या मजल्यावर हे लोक राहतात. कमलेशचे वडील काळुराम यांनी तरुणपणी मिठागरात काम केलं होतं. खाडीचं पाणी वर खेचणाऱ्या तिथल्या इंजिनाच्या टाकीला काटा नव्हता. काळुराम रोज सकाळी खुणा केलेली काठी टाकीत बुडवत आणि मगच इंजिन चालू करत. माझी पूजा झाली त्या दिवशी, चाकाखाली लिंबू चिरडल्यावर, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हिच्या टाकीत काठी कुठनं घालायची रं?"

कमलेश हसून म्हणाले, "बाबा, आता सेन्सर असतो. किती किलोमीटर जाईल ते समोर आकड्यात दिसतं."

"आकडा बोलतं. काठी दावते," काळुराम म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

कमलेश मला जिवापाड जपत. पण त्यांना एक खूळ लागलं होतं. माझ्यासारख्या गाड्यांच्या मालकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता, 'ॲव्हरेज किंग'. दर रविवारी प्रत्येकाने आपल्या स्क्रीनचा फोटो टाकायचा. ज्याचं ॲव्हरेज जास्त, तो आठवड्याचा राजा. राजा व्हायचं म्हणून कमलेश माझी टाकी कधी भरत नसत, कारण पेट्रोलचंही वजन होतं. पिवळा दिवा पेटला की ते उलट खूश होत. "गाडी हलकी झाली," असं म्हणत. मग पहाटेच्या मोकळ्या नाशिक हायवेवर, एसी बंद, काचा वर, पाचव्या गिअरमध्ये संथ पळवत ते मला पडघ्यापर्यंत नेऊन आणत. त्याच ग्रुपमध्ये खारेगावचे सुदेश होते. ते टाकी भरून ठेवत, एसी लावत आणि दर रविवारी निमूटपणे दहा-साडेदहाचा फोटो टाकत. "सुदेश, ती गाडी आहे की टँकर?" असं कमलेशनी एकदा लिहिलं होतं. सुदेशनी त्यावर फक्त हात जोडले होते.

तो एप्रिलचा रविवार होता. पडघ्याहून परतताना माझ्या स्क्रीनवर बावीस पूर्णांक सहा आलं. कमलेशनी फोटो टाकला आणि तिथूनच ते काटईला बहिणीकडे, म्हणजे शालूकडे गेले. काळुराम दोन दिवस लेकीकडे राहायला आले होते, त्यांना परत आणायचं होतं. काळुरामना दमा होता. अकराच्या सुमाराला त्यांचा श्वास अडकायला लागला. शेजारच्या डॉक्टरांनी वाफ दिली, पण छातीतली शिटी थांबेना. जवळच्या हॉस्पिटलात खाट रिकामी नव्हती आणि अॅम्ब्युलन्सला पाऊण तास लागणार होता.

"ठाण्याला यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे लगेच न्या," ते डॉक्टर म्हणाले. "गाडीत एसी लावा. उन्हात आणि धुरात यांना अजिबात ठेवू नका."

काळुरामना मागे बसवलं, शालू शेजारी बसली. कमलेशनी चावी फिरवली. पिवळा दिवा पेटलेलाच होता आणि त्याच्या शेजारी मी आकडा दाखवला, चौसष्ट किलोमीटर.

मित्रांनो, हीच माझी थाप. माझा आकडा मागच्या धावेवरून ठरतो. सकाळी हवेवर तरंगल्यासारखी धावले, म्हणून आताही तशीच धावेन असा माझा हिशेब. टाकीत जेमतेम तीन लिटर पेट्रोल होतं हे मला ठाऊक होतं. पण मालकांनी मला जे शिकवलं तेच मी बोलले.

नाक्यावर पंप आला. शालू म्हणाली, "दादा, पेट्रोल टाकून घे ना."

"रांग बघ किती आहे. ठाणं वीस-बावीस किलोमीटर, गाडी चौसष्ट जाते. आता थांबायला वेळ नाही."

पंप मागे पडला. दोनच मिनिटांनी रस्ता तुंबला. मुंब्रा बायपासच्या चढावर एक ट्रेलर बंद पडला होता आणि त्याच्यामागच्या रांगेची शेपटी थेट शिळफाट्याच्या अलीकडे आली होती. मी पाच फूट सरकायची, थांबायची. वर एसी पूर्ण जोरात. माझा आकडा घसरायला लागला. त्रेपन्न. चव्वेचाळीस. शिळफाट्याला एकोणतीस, आणि ठाणं अजून तेरा-चौदा किलोमीटर लांब. दुभाजकापलीकडे एक पंप दिसत होता. तिकडे वळायला कुठेच वाट नव्हती.

कमलेशच्या तळहाताचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागत होता. मागच्यांना कळू न देता ते माझ्या आकड्याकडे बघत होते. पण मागे बसलेल्या काळुरामना डोळे मिटूनही सगळं कळलं असावं. ते पुढे वाकले, दोन सीटमधून हात घातला आणि एसीचं बटण दाबून बंद केलं.

"बाबा! काय करताय?"

"मना चालल... तुझा पेट्रोल... वाचव."

कमलेशनी एसी पुन्हा लावला. पाच मिनिटांनी म्हाताऱ्याचा हात पुन्हा आला. मिठाने कायमची चिरलेली ती बोटं बटण चाचपत होती. तिसऱ्या वेळी कमलेशनी तो हात धरूनच ठेवला आणि एका हाताने मला चालवत राहिले. दर रविवारी एसी बंद करून राजा झालेला माणूस त्या बटणावर पहारा देत होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बायपासचा चढ लागला. अकरा. सात. मग आकडा गेला आणि नुसत्या रेघा उरल्या. माथा जेमतेम पाचशे मीटरवर होता. माथ्यावर पोचले असते, तर पलीकडच्या उतारावर मी पेट्रोलाशिवायही घरंगळत गेले असते. मी जीव खाऊन ओढलं. इंजिनाने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि मी बंद पडले.

एसी थांबला. ऊन काचांमधून आत घुसलं. काचा उघडाव्यात तर ट्रकांचा काळा धूर, बंद ठेवाव्यात तर आत भट्टी. शालूने माझ्या कप्प्यातली पुस्तिका काढली, वीस किलोमीटर छापलेली तीच, आणि ती हलवून वडिलांना वारा घालू लागली. "बाबा, हळू श्वास घ्या. माझ्याकडे बघा." काळुरामचे ओठ निळसर पडत चालले होते.

कमलेशनी खाली उतरून आजूबाजूच्या ट्रकवाल्यांना विचारलं. सगळे डिझेलवाले. मग त्यांनी फोन काढला आणि ग्रुप उघडला. सकाळच्या बावीस पूर्णांक सहाखाली टाळ्यांचे एकोणीस हात होते. त्यांनी सुदेशना फोन लावला.

"सुदेश, मी कमलेश. बायपासच्या चढावर आहे. पेट्रोल संपलं. गाडीत बाबा आहेत, त्यांना दम लागलाय." त्यांचा आवाज फाटला. "प्लीज ये रे."

"गाडी तिथेच ठेव. काकांना बोलत ठेव. आलो."

सुदेशनी एकही जादा शब्द विचारला नाही. पण वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझं घड्याळ बॅटरीवर चालू होतं, म्हणून मिनिटं मोजण्यापलीकडे मी काही करू शकत नव्हते. अठराव्या मिनिटाला पलीकडच्या मोकळ्या बाजूला एक स्कूटर थांबली. सुदेश पाच लिटरचा कॅन घेऊन दुभाजक चढून आले. पाण्याच्या बाटलीचा गळा कापून त्यांनी नरसाळं केलं. कॅनही सुदेशनीच धरला.

पहिली चावी फिरली, मी नुसती खोकले. दुसऱ्यांदाही तेच. "दादा, लवकर!" शालू ओरडली. तिसऱ्यांदा कुठे पेट्रोल वर चढलं आणि मी धडधडत जागी झाले. एसीची पहिली गार झुळूक काळुरामच्या तोंडावर गेली. सुदेश पुढे चालत, ट्रकांवर थापा मारत वाट करून देत होते. ट्रेलर ओलांडला, माथा आला आणि मी उतारावरून माजिवड्याकडे अशी सुटले, जशी पुन्हा कधीच धावले नाही.

काळुराम नऊ दिवस हॉस्पिटलात होते. वाचले. पण त्यांचा खणखणीत आवाज परत आला नाही. आता ते दोन-तीन शब्दांनंतर थांबतात. कमलेशना ते एका शब्दानेही बोलले नाहीत. कमलेशना तेच सहन झालं नाही. त्या आठवड्यात त्यांनी ग्रुपवर माझ्या स्क्रीनचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "खरं ॲव्हरेज आठ. सुदेश खरा राजा." मग ते ग्रुपमधून बाहेर पडले. त्यानंतर सहा वर्षांत माझी टाकी एकदाही अर्ध्याखाली गेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी गाडी असेल. तिला धुवा, पुसा, हवा बघा. पण तिच्याकडून तुम्हाला आवडेल तेच वदवून घेऊ नका. आम्ही भाबड्या असतो, शिकवाल ते बोलतो.

आता माझं वय झालं आहे. काल मला बघायला विनिता नावाच्या बाई कल्याणहून आल्या. काळुराम खांबाशेजारी खुर्चीवर बसले होते. विनिताताईंनी दारं उघडून पाहिली, बॉनेट वर केलं आणि शेवटी ठरलेला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज काय देते?"

माझ्या स्क्रीनवर त्या वेळी सतरा पूर्णांक नऊ होतं. आदल्या दिवशीच आम्ही हायवेला जाऊन आलो होतो. कमलेशनी त्या आकड्यावर तळहात ठेवला.

"ट्रॅफिकमध्ये, एसी लावून, दहा. चढावर आठ धरा."

"दहाच?" त्या हसल्या. "कालपासून चार गाड्या बघितल्या. सगळे सोळा-सतरा सांगतात."

"ते खोटं बोलत नाहीत, ताई," कमलेश म्हणाले. "त्यांच्या गाडीत तेव्हा कोणी आजारी नसतं, एवढंच."

काळुराम खुर्चीतून उठले. हळूहळू माझ्यापर्यंत आले, आत वाकले आणि त्याच चिरलेल्या बोटाने त्यांनी एसीचं बटण दाबलं. या वेळी चालू करायला.