पेकू की पेचू

झान्ना समुद्रकाठच्या शहरातून पोल्तावाजवळच्या खेड्यात सून म्हणून आली. माहेरची बोली रशियन. युक्रेनियन तिला सगळी कळायची, बोलताना मात्र जीभ अडखळायची. सासू मोत्र्या तोंडानं फटकळ, पण सुनेवर भारी जीव.

ईस्टरच्या पास्का, म्हणजे गोड पाव, भाजायचा दिवस होता. कुंपणापलीकडून शेजारीण ओदार्कानं हटकलं, "काय चाललंय गं सूनबाई?"

"पेकू," झान्ना माहेरच्या रशियन वळणानं म्हणाली. भाजतेय.

"पेकू? अगं, पेचू म्हण! नवऱ्याकडून शिकलीस तरी काय?" ओदार्का खो खो हसली.

झान्ना कानांपर्यंत लाल झाली. त्यानंतर तिनं तोंडच उघडलं नाही. मोत्र्या काही विचारी, ती नुसती मान हलवी.

"दातखीळ बसली का, पोरी?"

पुन्हा मान.

शेवटी भट्टीतून साचा ओढताना फडकं निसटलं आणि तळवा तापल्या पत्र्यावर टेकला.

"ओय मामो, पेचे!" झान्ना किंचाळली. आई गं, पोळतंय!

मोत्र्यानं तिला ओढतच पंपाखाली नेलं, हातावर गार पाणी सोडलं. आणि हसू लागली.

"मामो, माझा हात पोळलाय नि तुम्ही हसताय!"

"अगं, बोललीस! तेही अचूक. पाव भाजणारी पेचे, पोळलेला हातही पेचे. ऊन, खाजरं पान, छातीतली जळजळ, सगळं पेचेच. घाई नसली की आम्ही म्हणतो, मला पेचत नाही."

आपल्या पक्वान्नातला 'पच्', म्हणजे शिजवणे, हा धातूही याच जुन्या कुळातला. त्यांची भट्टी, 'पीच', तीही त्यातलीच.

पाण्याखाली हात धरूनच सासूनं म्हणून घेतलं: मी पेचू, तू पेचेश, ती पेचे, आम्ही पेचेमो, तुम्ही पेचेते, त्या पेचुत.

"म्हणजे माझा 'क' गेलाच?" झान्नानं नाक ओढलं.

"जातोय कुठं? काल मी भाजलं, तर 'पेकला'. बाप्यानं भाजलं, तर 'पीक'. पण तुझा नवरा कशाला भाजतोय!"

झान्ना फिसकन हसली. इतक्यात करपल्याचा वास आला. दोघी धावल्या. भट्टीतल्या उरलेल्या दोन पास्कांची डोकी कोळसा झाली होती.

चांगल्या पास्का चर्चसाठी टोपलीत गेल्या. करपलेल्या पास्का दोघींनी सुरीनं खरवडल्या आणि ओसरीच्या पायरीवर बसून दुधाबरोबर संपवल्या. झान्नाचा हात ओल्या फडक्यात होता. घास मोत्र्या मोडून देत होती.