वीणेकऱ्याचा हात

पडद्यावरची वीणा आदेशने पाटावर नीट टेकवली, कडेला झेंडूची चार फुलं टाकली आणि माऊस सोडून बोटं मोडली.

मागून अनिताताई डोकावली.

"छान झालीय रे. पण सप्त्यातली वीणा खाली टेकवीत नाय. सात दिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते ती."

"चित्र आहे ते, ताई."

"लोक हात जोडतात त्याला."

शहापूरच्या बाजारात चंदरभाऊंचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, हरिनाम सप्त्याची पत्रकं. अनिताताई नऊ वर्षं तिथे कोरल या चित्रं काढायच्या जुन्या प्रोग्रामवर काम करत होती. सापगावचा आदेश कल्याणच्या क्लासात इलस्ट्रेटर हा दुसरा प्रोग्राम शिकून चार महिन्यांपूर्वी आला, आणि आल्यापासून कोरलला 'पत्रिकावाल्यांचं' म्हणू लागला. त्याची फाईल तिच्याकडे उघडेना, तिची त्याच्याकडे. भाऊ कावले.

"एका घरात दोन चुली नकोत. शुक्रवारी मुरबाडहून कीर्तनकार धर्माबुवा येतायत. त्यांच्या सप्त्याचं पत्रक दोघं आपापल्या प्रोग्रामात काढा. कुणाचं कुठलं ते बुवांना सांगायचं नाय. ते बोट ठेवतील तो प्रोग्राम राहील."

दुसरा प्रोग्राम आणि त्यावर बसणारं माणूस, त्यांचं काय, ते भाऊंनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आदेशने पाट पुसला. वीणा धरलेला हात काढायला घेतला. अंगठा काकडीसारखा झाला. परत काढला, परत काकडीच. गुरुवारी दुपारी ताई डबा खाऊन पोस्टात गेली, तेव्हा तो तिच्या मशीनवर बसला. मागच्या साली तिने खर्डीच्या सप्त्यासाठी एक वीणेकरी काढला होता, तो छापायचा राहिला होता. ती फाईल त्याने आपल्याकडे उघडेल अशी करून घेतली. नुसती बघायला, असं स्वतःला बजावलं. संध्याकाळपर्यंत त्या वीणेकऱ्याचं उपरणं केशरी झालं होतं, मागे सूर्योदय उजळला होता, आणि हात होता तसाच होता.

शुक्रवारी बुवांपुढे दोन्ही कागद ठेवले. एकावर तुळशीवृंदावन, दुसऱ्यावर वीणेकरी. बुवांनी चष्मा कपाळावर चढवला, वीणेकऱ्याचा कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"ह्याच्या पायाला रग लागलीय बघा. पण बोट सैल नाय. पहाट झाली तरी दुसरा आला नाय, म्हणून हा उभाच. ज्याने काढलं त्याने कीर्तन नुसतं बघितलं नाय, ऐकलंय."

आदेश आजवर कीर्तनाच्या मांडवाबाहेरच उभा राहत आला होता. त्याने मान खाली घातली. भाऊंना तो विनय वाटला.

"आमचा आदेश. इलस्ट्रेटर," भाऊ म्हणाले. "दाखव रे बुवांना, कसं काढतात ते."

दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने रंग जाऊन नुसत्या रेषा दिसतील अशी कळ दाबली. सूर्य गेला, उपरणं गेलं. आणि कागदाच्या चौकटीबाहेर, जिथे एरवी कोरं पांढरं दिसे, तिथे उंदराने कोरल्यासारखा वाकडातिकडा 'श्री' उमटला.

"ते काय बाहेर?" भाऊ वाकले.

आदेशला ठाऊक नव्हतं. मग एकदम कळलं, आणि त्याचे कान तापले. अनिताताई खुर्ची मागे सारून उभी राहिली होती. तिची नजर 'श्री'वर होती, मग वीणेकऱ्याच्या अंगठ्यावर गेली.

"श्री हाय, भाऊ," ती म्हणाली. "कामाला हात घालायच्या आधी काढायचा. पांढऱ्यात, म्हणजे छापून येत नाय. मीच सांगितलं होतं त्याला."

"वा, गुणी पोरगा," बुवा म्हणाले, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आदेशला वाटलं, हात लवकर उचलावा त्यांनी.

भाऊ म्हणाले, "चला, लागला निकाल. सोमवारी ताईच्या मशीनवरचं कोरल काढून टाक रे." मग ते बुवांना घेऊन समोर चहाला गेले.



"ताई, मी..."

अनिताताईने आपली खुर्ची उचलून त्याच्या खुर्चीशेजारी आणली. खणातून दोनशे पानी वही काढली, पहिलं पान उघडलं, तारीख घातली. पेनाचं टोपण मागे खोचलं.

"सांगा सर. पहिलं काय दाबायचं?"

तिच्या आवाजात टोमणा शोधून त्याला सापडेना. चार महिने ती त्याला 'अरे' म्हणत आली होती.

तो उठला. दाराशी चपलांत पाय घातले. डावी उजव्या पायात गेल्याचं त्याला कळलं, पण समोर चहाच्या टपरीवर बुवांनी बशी ओठाला लावली होती. ते उठायच्या आत तो हात कुणाचा ते सांगायला हवं होतं, म्हणून तो तसाच रस्ता ओलांडू लागला.